पेंढ्याची विधवा

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. जुने म्हणजे दोनशे वर्षांचे. आणि चित्र म्हणजे तरी काय, तुमच्या वहीची दोन पाने शेजारीशेजारी ठेवली तर जेवढी जागा होईल तेवढा एक कागद. त्यावर एल्बे नदी आहे, पलीकडे दगडांचे उंच सुळके आहेत, पुष्कळसे आकाश आहे, आणि अलीकडच्या खडकावर पाठमोरी बसलेली एक बाई आहे. तिचा झगा काळा आहे. येणारी माणसे थांबतात ती तिच्यापाशीच. खरे कष्ट आकाशावर पडले होते, पण आकाशाकडे सहसा कोणी पाहत नाही.

मला हे सांगणे कितपत जमेल, कोण जाणे. चित्रांना बोलायची सवय नसते आणि मी तर आता फार थकलेले आहे. पण त्या काळ्या झग्याविषयी आजवर इतक्या जणांनी इतके काही सांगितले आहे, की एकदा माझेही ऐकून घ्यावे असे वाटते. पटले तर घ्या, नाहीतर राहू द्या.

चित्र होण्याआधी मी कागद होतो, आणि कागद होण्याआधी चिंध्या. आमच्या मुलखात तेव्हा शिट्टी वाजवत हिंडणारा चिंधीवाला असे. त्याची शिट्टी ऐकली की मुली घरातले फाटके तागाचे कपडे घेऊन धावत आणि बदल्यात सुई नाहीतर रंगीत फीत मागून घेत. कोणाचा सदरा, कोणाची उशीची खोळ, एखाद्या होडीचे विरलेले शीड, असे आम्ही सगळे कागदाच्या गिरणीत एकत्र आलो. पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या लाकडी मुसळांनी आम्हाला कुटून कुटून लापशी केली. कोण कोणाचा सदरा होता हे कळेनासे झाले. मग जाळीच्या चौकटीत पाणी निथळले, सरसाच्या पाण्यात बुडवले, दोरीवर वाळवले, आणि मी कागद झालो. अजूनही मला उजेडासमोर धरलेत तर चौकटीच्या तारांच्या रेघा दिसतील. जन्मखूण म्हणा हवे तर.

मला विकत घेतले कास्पार लिंडिगने. तो एल्बेकाठच्या पिर्ना गावचा. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. त्याला सुळक्यांचे वेड होते. पहाट झाली की कागद टाचलेली फळी काखेत मारायची आणि नदीकाठी जाऊन बसायचे. आधी तो शिसपेनने काढी. तुमच्याकडे तिला शिसपेन म्हणतात आणि त्याच्या भाषेतही तिच्या नावात शिसेच आहे, पण खरे पाहता त्या पेन्सिलीत शिसे औषधालाही नसते. चुकलेली रेघ तो पावाच्या मऊ गोळ्याने पुसायचा, आणि कामाच्या तंद्रीत तोच गोळा तोंडात टाकून मोकळा व्हायचा. त्याचे दात नेहमी किंचित करडे दिसत. रेघा मनासारख्या झाल्या की माकूळ नावाच्या समुद्री जीवाच्या पोटातली तपकिरी शाई पाण्यात कालवून खारीच्या केसांच्या कुंचल्याने तो एकावर एक पातळ थर चढवी. एक वाळल्यावर दुसरा, दुसरा वाळल्यावर तिसरा. जिथे उजेड हवा तिथे मात्र तो कुंचला टेकवत नसे. तिथे मी कोरा राहायचो, आणि तो कोरेपणाच आकाश व्हायचा.

पांढरे रंगवायचे नसते, राखायचे असते, असे त्याचे म्हणणे होते.

पण त्याला माणूस काढता येत नसे. काढायला गेला की माणसाचे लाकूड व्हायचे. यात लाजण्यासारखे काही नव्हते, कारण त्या काळी निसर्गचित्र एकाने काढायचे आणि त्यातली माणसे दुसऱ्या कोणी घालून द्यायची, ही चित्रकारांत सर्रास चालणारी रीत होती. कास्पारसाठी हे काम वेन्झेल करी. वेन्झेल सीमेपलीकडचा, बोहेमियाचा. गुटगुटीत, हसरा, चिनी मातीच्या कपांवर लोकांचे चेहरे रंगवून पोट भरणारा. त्याच्या माणसांमागे कास्पार डोंगर घालून द्यायचा आणि कास्पारच्या डोंगरांपुढे तो माणसे.

मी अर्धे झाले होते त्या दिवशी वेन्झेल नदीकाठी शेजारीच लोळत होता. थेक्ला दुपारच्या जेवणाची पिशवी घेऊन आली. कास्पारशी तिचे लग्न ठरले होते.

"तुझ्या डोंगरांना माणसांची धास्ती आहे की काय रे?" वेन्झेल म्हणाला. "एकही माणूस फिरकत नाही."

"माणसं हलतात," कास्पार म्हणाला. "डोंगर गप्प बसतात."

"मग डोंगराशीच लग्न कर," थेक्लाने पिशवी खाली ठेवली. "जेवणही त्याच्याकडेच माग."

वेन्झेल इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने तिला समोरच्या खडकावर बसवले, तोंड नदीकडे करून, आणि मला आपल्या मांडीवर घेतले. तिने त्या दिवशी विटका तपकिरी परकर घातलेला होता. पण वेन्झेलने शिंपलीत सफेदा कालवला, डिंकाचे पाणी घातले, आणि माझ्यावर तिला पांढराशुभ्र झगा दिला. सफेदा म्हणजे शिशापासून केलेली भुकटी, मित्रांनो. शिसपेनीत नसलेले शिसे माझ्या अंगावर आले ते असे.

कास्पारला ते आवडले नाही. त्याच्या राखलेल्या आकाशाखाली हा रंगवलेला पांढरा ठिपका त्याला परक्यासारखा वाटला. तो तसे म्हणालाही. वेन्झेलने खांदे उडवले. हा माझा आहेर समज, तो म्हणाला, तुझ्या बायकोला मी एक चांगला झगा दिला, तुला तर सुचलाही नसता. यावर थेक्ला वळून पाहायला लागली, तशी तो ओरडला की हलू नकोस. म्हणून ती पाठमोरीच राहिली. तिचा चेहरा माझ्यावर नाही, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मला कधी कळले नाही.

त्यांचे लग्न झाले. मला एका साध्या, बिनकाचेच्या चौकटीत बसवून त्यांच्या स्वयंपाकघरात लावले. त्या घरात तीच एक बसायची जागा होती. ती वर्षे बरी होती. येणारे लोक माझे कौतुक करीत. हाच तो सुळका, ही आमची नदी, आणि ही कोण बाई? मग थेक्ला लाजून पातेल्यात डोके घाली. माझ्या वाट्याला आलेले कौतुक बहुतेक तेवढेच. पण तेवढेही पुष्कळ झाले, असे आता वाटते.

मग कास्पार रोमला निघाला. चित्रकार म्हणवून घ्यायचे तर दक्षिणेचा उजेड डोळ्यांनी पाहून यायला हवा, असे तेव्हा सगळेच मानत. सगळेच जात आणि पायीच जात. दोन उन्हाळे, तो म्हणाला होता. थेक्लाने त्याच्या बुटांना दुहेरी तळ ठोकून घेतले आणि गावाच्या वेशीपर्यंत त्याला पोचवून आली. येऊन तिने बटाटे सोलायला घेतले. त्या दिवशी तिने सवयीने दोघांपुरते सोलले.

पोटासाठी ती छापील चित्रे रंगवू लागली. आमचे सुळके बघायला लांबून लोक येत आणि जाताना त्यांची छापील चित्रे घेऊन जात. ती चित्रे गावातल्या बायका घरी बसून हाताने रंगवत. आधी सगळ्या आकाशांना निळे, मग सगळ्या झाडांना हिरवे, शेवटी होडीतल्या बाईच्या ओढणीला तांबडे. थेक्लाचा हात बसला. टेबलावर ओळीने मांडलेल्या आकाशांवरून तिचा कुंचला झरझर जाई, आणि मधून मधून ती मान वर करून माझ्या कोऱ्या आकाशाकडे पाही. मला वाटते, तिला त्याचा थोडा रागही येत असावा. तिच्या दिवसभराच्या निळ्यापेक्षा कास्पारचे काहीच न लावलेले जास्त खरे वाटे.

सुरुवातीला कास्पारचे निरोप येत. नंतर त्यांत खंड पडू लागला. मग ते थांबले.

आता शेजारच्या हेम्पेलबाईंविषयी सांगायला हवे. त्यांचा नवरा एल्बेवर मालाच्या होड्या हाकी आणि बर्फ वितळल्यापासून नदी पुन्हा गोठेपर्यंत घराबाहेर असे. अशा बाईला आमच्याकडे एक नाव आहे. पेंढ्याची विधवा. नवरा मेलेला नाही, नुसता लांब गेलेला आहे, म्हणून खरी विधवा नव्हे, पेंढा भरून उभी केलेली. हे नाव थट्टेचे. हेम्पेलबाई दर वसंतात दारात उभ्या राहून स्वतःलाच म्हणत, चला, झाले मी पेंढ्याची विधवा, आता महिनोन्‌महिने घोरणे ऐकायला नको. कास्पार गेला तेव्हा त्यांनी थेक्लाला या पंगतीत बसवले. ये गं, त्या म्हणाल्या, आपला पेंढा एकाच गंजीतला. दोघी मिळून कॉफी पीत, आणि ती कॉफी इतकी पातळ असे की कपाच्या तळाचे रंगवलेले फूल स्वच्छ दिसे.

पण हेम्पेलबाईंचा नवरा दर हिवाळ्यात परत येई. घोरणेही परत येई.

असे पुष्कळ हिवाळे गेले. त्यांतल्या एका हिवाळ्यात नदीचा ओलावा भिंतीतून वर चढला. माझ्या एका कोपऱ्याला सुरकुत्या पडल्या, तांबूस ठिपके उमटले. थेक्लाने ते पाहिले. तिने मला तिथून काढले, पाठीमागून हाताने पुसले आणि घरातल्या सर्वांत कोरड्या जागी टांगले. ती जागा म्हणजे शेगडीच्या वर.

तिने ते मायेने केले, मित्रांनो. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे ऐकून तुम्ही तिला नावे ठेवाल.

त्या शेगडीत स्वस्तातला कोळसा जळे. त्याच्या धुरात गंधक असे. नाकाला वास येई, डोळ्याला दिसत नसे. ओलावा गेला, सुरकुत्या बसल्या, माझे तपकिरी सुळके होते तसेच राहिले. पण शिसे आणि गंधक एकत्र आले की शिसे काळे पडते. वेन्झेलने दिलेला झगा आधी कडेला मळला. मग पाठीवर करडी छाया आली. मग ती पसरली.

पहिल्यांदा हेम्पेलबाईंना दिसले. "थेक्ला, तुझा झगा मळला की गं," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत एकदाही धुतला नाहीस?"

थेक्ला हसली.

पुढच्या हिवाळ्यात त्या थट्टा करीनाशा झाल्या. शेगडीपाशी हात शेकत त्या माझ्याकडे पाहत राहत आणि मग चटकन दुसरेच काही बोलत. झगा आता संध्याकाळच्या ढगासारखा झाला होता. आणि एका दुपारी कप खाली ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "पेंढा जळला, पोरी."

कास्पार आता या जगात नाही, असे त्यांना खरेच वाटत होते. चित्र काढणाऱ्याचा हात गार पडला की चित्र काळे पडते, असे त्यांनी कुठेतरी ऐकलेले होते. नाहीतर सगळे चित्र जसेच्या तसे, आणि नेमका बायकोचाच झगा काळा, हे कसे, असे त्या विचारीत. गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बायका पाव आणून देण्याचे निमित्त करून मला पाहून जात. दारातच आवाज खाली आणत, आणि जाताना थेक्लाच्या खांद्यावर हात ठेवत.

मी वरून हे सगळे पाहत होते. मला ओरडून सांगावेसे वाटे की हा धूर आहे, नुसता धूर, मला खाली घ्या. पण कागदाला आवाज नसतो. कोणीतरी या भाबड्या बाईला सांगावे, एवढेच मी म्हणत असे. तिला काहीच माहीत नाही, असे मी समजत होते.

शेवटी पाद्रीसाहेबांपर्यंत विषय गेला. ते सज्जन होते, वादात न पडणारे होते. त्यांनी सुचवले की कास्पारला ओळखणारी दोन भरवशाची माणसे येऊन शपथेवर सांगत असतील की तो हयात नाही अशी त्यांची खात्री आहे, तर त्याचे नाव मृतांत लिहिता येईल. मग थेक्ला रीतसर विधवा होईल, पुढे दुसरे लग्नही करू शकेल. तसा कोणी शपथ घेणारा नसेल, तर दुसरा मार्ग होता, बायकोला टाकून गेल्याचा. त्यात चर्चमध्ये सगळ्यांसमोर ओळीने काही रविवारी नवऱ्याच्या नावाचा पुकारा होतो की ये आणि बायकोला घेऊन जा. तो आला नाही म्हणजे मग मोकळीक. त्या पुकाऱ्याच्या वेळी बाकावर बसून राहणे कोणत्याही बाईला नकोसे वाटे. म्हणून तो मार्ग पाद्रीसाहेबांनी घाईघाईने सांगून सोडून दिला.

एक साक्षीदार तयारच होता. हेम्पेलबाईंनी शपथेसाठी सणाची टोपी काढून तिला इस्त्रीही केली. दुसरा कोण, तर वेन्झेल. कास्पारचा जिवलग. शपथ सोमवारी ठरली आणि त्याला निरोप गेला.

तो आला. गुटगुटीतपणा ओसरला होता, केस मागे सरकले होते, हसणे मात्र होते. तो मधल्या वर्षांतही कधीमधी येऊन जात असे, कधी कोळसा भरून ठेवी, कधी तिच्या चित्रांतल्या ओढण्या रंगवून देई. त्याने लग्न केलेले नव्हते. का, हे हेम्पेलबाईंना माहीत होते, पाद्रीसाहेबांना माहीत होते, मला तर त्या खडकावरच्या दिवसापासून माहीत होते. त्याने नुसते हो म्हणायचे होते. एक शपथ, आणि ज्यासाठी तो इतकी वर्षे थांबला ते सगळे त्याच्या पदरात पडणार होते.

दुपारची वेळ होती. टेबलावर रंगवायची आकाशे पसरलेली होती. थेक्लाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि माझ्याकडे बोट केले.

"झगा तू रंगवला होतास," ती म्हणाली. "तूच सांग, तो काळा का पडला."

वेन्झेल उठला. मला खिळ्यावरून काढून खिडकीपाशी नेले, तिरपे धरले, फुंकर घातली. मग शेगडीकडे पाहिले. त्याच्यासारख्या रंगाऱ्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार? पण तो बोलेना. मला त्याच्या बोटांचा घाम कडेला लागला. तो तसाच उभा राहिला, आणि मी मनात म्हणाले, आता हा गप्प बसणार. मला त्याचा राग आला नाही. थकलेल्या माणसाने गप्प बसावे, यात नवल ते काय.

"धूर आहे थेक्ला," तो म्हणाला. "शिशाला कोळशाचा धूर लागला. कास्पारचा यात काही संबंध नाही."

थेक्ला कुंचला धूत होती. तिने मान वर केली नाही.

"ते मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"रोज रंगात हात असतात माझे. सफेदा शेगडीपासून लांब ठेवायचा, हे मी कामाला येणाऱ्या पोरींना शिकवते. झग्याची कड मळली त्याच दिवशी मला कळलं."

"मग उतरवलं का नाहीस?"

ती बराच वेळ कुंचल्याचे टोक बोटांनी जुळवत राहिली. मग म्हणाली, "मला वाट बघायचा कंटाळा आला होता, वेन्झेल. पण तसं कसं म्हणायचं? मी म्हटलं, होऊ दे काळा. लोक म्हणतील ते म्हणतील. माझ्या तोंडून तर जायला नको."

मित्रांनो, इतकी वर्षे मी तिची कीव करत होते. ती रोज सकाळी माझ्याकडे पाहायची, आणि मला वाटायचे की ती घाबरते आहे. ती पाहत होती, अजून किती काळे व्हायचे बाकी आहे ते.

वेन्झेल खाली बसला. मला त्याने मांडीवरच ठेवले होते. मग जे तो सांगायला आला होता की लपवायला आला होता ते मला अजून नक्की कळलेले नाही, ते त्याने सांगून टाकले. रोमहून परतलेला एक चित्रकार त्याला भेटला होता. कास्पार तिकडे आहे. खातोपितो आहे. प्रवाशांना समुद्राची दृश्ये काढून विकतो. एका घरात राहतो, आणि त्या घरात लहान मुले आहेत.

थेक्ला उठली आणि शेगडीत कोळसा सारू लागली. शेगडीत कोळसा पुरेसा होता.

"मेला असता तर मी काळं घातलं असतं," ती पाठमोरीच म्हणाली. "रडले असते. लोकांनी पाव आणून दिला असता. सोडून गेलेल्याचं काय करतात रे?"

वेन्झेलला जे सुचले ते त्याने केले. खिशातून त्याने एक डबी काढली. जस्ताचा नवा सफेदा निघाला आहे, तो म्हणाला, हा धुराने काळा पडत नाही. म्हणशील तर आत्ता एक हात फिरवतो, झगा होता तसा होईल. सोमवारी पाद्रीसाहेबांसमोर तू म्हणशील तेच मीही म्हणेन. मेला म्हणालीस तर मेला. शपथेचं माझं मी बघून घेईन.

"नको," थेक्ला म्हणाली. हे तिने कोणत्या गोष्टीला म्हटले ते त्याला कळले नसावे, कारण त्याने डबी उघडून तशीच हातात धरली. "झगाही नको आणि शपथही नको. तू दिलास तेव्हा तो माझा नव्हता. आता काळा आहे तोही माझा नाही. ठेव ते."

तिने मला त्याच्या मांडीवरून घेतले, पण खिळ्यावर परत लावले नाही. छापील चित्रांच्या कापडी बासनात, दोन कोऱ्या कागदांमध्ये मला ठेवले आणि फिती बांधल्या. किती वर्षांनी मला अंधार मिळाला म्हणून सांगू. उजेडानेही कागद शिणतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

सोमवारचे मी पाहिले नाही, ऐकले. हेम्पेलबाई थेक्लाच्या मागोमाग घरात शिरल्या आणि टोपीचे बंद सोडण्याआधीच सुरू झाल्या. मी तिकडे शपथ घ्यायला हात वर करून उभी, आणि ही बया काय म्हणते, तर थांबा. पाद्रीसाहेबांची लेखणी हवेत. वेन्झेल दाराशी, चुन्यासारखा पांढरा. आणि ही म्हणते...

"म्हणते, तो मेलेला नाही, तो आलेला नाही," हेम्पेलबाई म्हणाल्या. "एवढंच. आणि पुकारा करा म्हणते. अगं, मेला म्हणाली असतीस तर तुझी अब्रू राहिली असती, त्याचीही राहिली असती."

"त्याची मी आणखी किती दिवस राखू?" थेक्ला म्हणाली.

हेम्पेलबाईंनी खुर्ची ओढली आणि विचारले, कॉफी आहे का, असेल तर आज जरा दाट कर.

पुकारा झाला. ओळीने त्या सगळ्या रविवारी थेक्ला पुढच्या बाकावर बसली, आणि तिच्या शेजारी सणाची टोपी घालून हेम्पेलबाई. पूर्वी पाव आणून देणाऱ्या काही बायकांनी तिला रस्त्यात टाळायला सुरुवात केली. विधवेची त्यांना कणव होती, टाकलेलीची अडचण वाटे. कोणी आले नाही. वेन्झेलने मग एकदा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून ओढण्या रंगवता रंगवता, विचारायचे ते विचारले. बासनात मी शेजारीच होते.

"ये की," थेक्ला म्हणाली. "पण मी आता कोणाची वाट बघत खिडकीशी बसणार नाही. तुझीही नाही. यायचं तर संध्याकाळी जेवायला वेळेवर यायचं."

तो वेळेवर येत असे. मी ते रोज ऐकले, त्याच्या बुटांचा आवाज, मग ताटल्यांचा.

पुढे ती दोघेही गेली. बासन एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरले, विकले गेले, आणि फिरत फिरत मी एका संग्रहालयात येऊन पडले. इथे मला सपाट खणात ठेवतात आणि वर्षातून थोडेच दिवस मंद दिव्याखाली बाहेर काढतात. हातमोजे घातलेली माणसे माझ्याशी फार हळुवार वागतात. शेजारच्या पाटीवर लिहिले आहे की शोकात बुडालेली ही विधवा त्या काळच्या हळव्या मनाची खूण आहे. शाळेची मुले येतात, त्यांच्या बाई पाटी वाचून दाखवतात, मुले गप्प होतात. काळे पडलेले शिसे पुन्हा पांढरे करण्याची औषधे आता आहेत म्हणे, ती वापरावीत की नाही यावर इथल्या लोकांचे एकमत होत नाही. मला कोणी विचारत नाही. विचारले तर काय सांगावे, हे मलाही कळत नाही.

माझे मागणे फार नाही, मित्रांनो. तुमच्या घरात जुना कागद असेल, आजोबांच्या हातचे चित्र असेल, तर त्याला उन्हात ठेवू नका, स्वयंपाकघरात टांगू नका. उचलायचा तर कोरड्या, स्वच्छ हातांनी दोन्ही कडांना धरून उचला. मधून मधून त्याला अंधारात पडू द्या, त्यालाही झोप लागते. आणि त्याच्याकडे पाहून मनात काही आले, तर ते त्याच्या गळ्यात बांधून मोकळे होऊ नका. घरात कोणी असेल त्याला सांगा. त्याची अब्रू आणखी किती दिवस राखू, असे थेक्लाने हेम्पेलबाईंना विचारले, तेव्हा तिचा आवाज कापत होता. मी बासनाच्या आत होते, तरी मला तो ऐकू आला.

मी आता जरा पडते. दिवा मालवायची वेळ झाली आहे.